चौथा खांदा

"मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा, महाराज."

पठारावरच्या मठात पाऊल टाकताच हेरंब खानविलकरनं हेच विचारलं. आजूबाजूच्या टेकड्यांवरल्या साऱ्या पवनचक्क्या त्याच्या देखरेखीखाली होत्या.

"आधी काय घडलं ते सांग," भैरोगिरी महाराज म्हणाले.

परवा दूरच्या तारांवर वीज कोसळली. विजेचा दाब क्षणभर ढासळला. अशा वेळी पवनचक्क्यांनी तारांना जोडलेलंच राहायचं, दाब सावरायला हातभार लावायचा, असा नियम. पण यंत्रं जळतील या धास्तीनं हेरंबनं ती पहिल्याच धक्क्याला तारांपासून सुटतील अशी व्यवस्था करून ठेवली होती. सगळी सुटली.

"माझं एकही यंत्र बिघडलं नाही," हेरंब म्हणाला.

"बाकीच्यांची?"

"दुसऱ्या वीजकेंद्रांवर सगळा भार आला. तीही बंद पडली."

"आणि खाली खोऱ्यात?"

"वीज गेली. दुपारभर."

"दवाखान्यातही?"

"...हो. अपुऱ्या दिवसांचं एक बाळ होतं, काचेच्या पेटीत. नर्सनं छातीशी धरून ऊब दिली. जगलं ते."

हे सांगताना त्यानं महाराजांकडे पाहिलं नाही.

महाराज उठले. मठाच्या स्वयंपाकघराची नवी तुळई अंगणात पडली होती. दोन गावकरी तिच्यापाशी थांबले होते.

"ये. खांदा लाव."

चौघांनी तुळई उचलली. पायऱ्या चढताना एका गावकऱ्याचा पाय घसरला. तुळई कलली, भार एकदम उरलेल्यांवर आला.

हेरंब झटकन खांदा काढून बाजूला झाला. आपण काय केलं, हे त्याला नंतर कळलं.

महाराजांचा गुडघा दगडावर आपटला. खांदा मात्र त्यांनी काढला नाही. घसरलेला गडी सावरला आणि तिघांनी मिळून तुळई हळूहळू खाली उतरवली.

महाराजांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. हेरंबचे कान तापले. रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्याला सुचेना.

कुणी त्याला बोल लावला नाही. घसरलेल्या गड्यानं तर उलट त्यालाच विचारलं, "साहेब, तुम्हाला लागलं नाही ना?"

हेरंबची मान खाली गेली.

"महाराज... एकदम फार जड झाली," तो कसाबसा म्हणाला.

महाराजांनी उपरण्याचं टोक गुडघ्यावर दाबून धरलं.

"हलकी होती, तेव्हा आम्ही तिघं पुरे होतो, हेरंब."