खड्ड्यावरची फुलं

बाळांनो, ते जंगल कुठलं हे विचारू नका. नाव घेतलं की तिथल्या मोठ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. त्या जंगलाच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली बीळ करून एक साळू राहायची. तिला दोन पिल्लं होती. आजूबाजूला ससे, मुंगसं, घोरपडी, कासवं अशी सगळी लहानांची बिऱ्हाडं. उन्हाळ्यात त्या सगळ्यांना पाणी मिळायचं ते एकाच पाणवठ्यावर, आणि तिकडे जायला वाटही एकच. वाटेच्या एका अंगाला काटेरी झुडपं होती, दुसऱ्या अंगाला कातळ.

जंगलाचा कारभार बघायला एक सभा होती. हत्ती सभेचा अध्यक्ष आणि कोल्हा कारभारी. एकदा सभेच्या मनात आलं की पाणवठ्याची वाट रुंद करावी. काम दिलं रानडुकरांना. रानडुकरांनी मुसंड्या मारून वाट उकरली, मातीत कंद सापडले ते मटकावले आणि कंद संपल्यावर ती काम तसंच टाकून पलीकडच्या रानात निघून गेली. मागे राहिला वाटेच्या मधोमध एक खोल खड्डा आणि त्याच्या कडेला मातीचा ढीग. मोठ्या जनावरांना त्याचं काय? हत्ती आलाच तर एका ढांगेत पार होईल, गवा उडी मारून जाईल. लहानांना मात्र कडेकडेनं, जीव मुठीत धरून जावं लागायचं. एक दिवस साळूचं थोरलं पिल्लू कडेवरून घसरलं आणि खाली आपटलं. त्याचा मागचा पाय मोडला तो कायमचा. धाकटं नुकतंच चालायला लागलं होतं. आता त्यालाही रोज त्याच कडेवरून पाण्याला न्यायचं होतं.

तिनं आधी स्वतःच माती ढकलून पाहिली. पण उन्हात तापून त्या ढिगाचा नुसता दगड झाला होता. तिची नखं तुटली, ढेकूळ काही हललं नाही. शेजारी मदतीला आले, तेवढ्यात कोल्हा आला आणि सभेच्या मातीला सभेनंच हात लावायचा असं बजावून गेला. अरे, मग लावा ना हात! पण छे. साळू सभेत गेली की कोल्हा सांगायचा, हा विषय पुढच्या सभेत घेऊ. पुढच्या सभेत सांगायचा, वाटांचं काम गव्याकडे आहे, त्याला भेटा. गवा म्हणायचा, खड्डा रानडुकरांनी केला, त्यांना विचारा. आणि रानडुकरं तर जंगल सोडून गेलेली! एकदा तर कोल्ह्यानं तिला हसत हसत विचारलं, की पिल्लांना नीट चालायला का शिकवत नाही. साळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती एकटी होती, आणि एकटीचं तिथे कुणी ऐकत नव्हतं.

मग तिनं घरोघर जाऊन सगळ्यांना गोळा केलं. ससा कुरकुरला, कासव उशिरा निघालं, पण अख्खा उतार सभेपुढे जाऊन उभा राहिला. एवढी गर्दी पाहून हत्ती जरा चपापला. कोल्ह्यानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग हत्तीनं सोंड उंचावून सांगितलं की तो स्वतः येऊन पाहणी करील. साळूला वाटलं, सुटलो एकदाचे. परतताना ती धाकट्याशी बऱ्याच दिवसांनी हसून बोलली.

आता पुढची गंमत ऐका. गंमत कसली, सांगतानाही माझं डोकं तापतं. अध्यक्ष येणार म्हटल्यावर उतारावर लग्नघरासारखी धांदल उडाली. ससा सगळ्यांत पुढे. तसा तो मनानं चांगला, कुणाच्याही अडीनडीला धावणारा, पण मोठ्यांपुढे उभं राहिलं की त्यांना आवडेल तेवढंच बोलायचा. त्यानं सगळ्यांना पटवलं की एवढा मोठा पाहुणा पहिल्यांदाच आपल्याकडे येतोय, त्याला हा असला उकिरडा दाखवायचा का? झालं! वाट झाडली. जांभळाखाली, खड्ड्याच्या अलीकडे, अध्यक्षांना टेकायला पानांची बैठक केली. आणि खड्डा? खड्डा फारच ओंगळ दिसत होता. म्हणून त्याच्यावर बारीक काटक्या टाकल्या, काटक्यांवर पळसाची पानं अंथरली आणि पानांवर, मातीच्या ढिगावरही, बहाव्याची पिवळीधमक फुलं पसरली.

साळू बिळातून बाहेर येऊन बघते तर हे. तिचा क्षणभर डोळ्यांवर विश्वास बसेना. "अरे, त्याला खड्डाच दाखवायला बोलावलंय ना आपण?" ती म्हणाली.

"दाखवू गं ताई," ससा म्हणाला. "पण आल्या आल्या पाहुण्याला घाण दाखवणं बरं दिसतं का? आधी स्वागत करू, मग सावकाश विषय काढू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साळू काटक्या ओढायला धावली, तेव्हा मुंगसानं तिला अडवून हात जोडले. एवढा वेळ राबून केलंय, मोडू नकोस, पोरांना फुलांवर जायचं नाही म्हणून सांगून ठेवलंय, असं ते परोपरीनं विनवू लागलं. साळू थांबली. तिथेच तिचं चुकलं. चांगले काटे आहेत अंगावर, तेव्हाच फुलवायला हवे होते.

हत्ती आला. मागे कोल्हा. मोराचा नाच झाला, सशानं गळ्यात माळ घातली, मधाचं पोळं पुढे ठेवलं. हत्तीनं बसल्या जागेवरून सोंड फिरवत इकडेतिकडे पाहिलं. स्वच्छ वाट, पिवळी फुलं. त्याची कळी खुलली. "किती टापटीप वस्ती आहे!" तो म्हणाला. "यात तक्रार करण्यासारखं काय आहे?"

कोल्हा लगेच म्हणाला की काहींना कुरकुरायची सवयच असते. सगळे सशाकडे बघू लागले, कारण विषय तोच काढणार होता. सशानं हात जोडले. "आपल्या कृपेनं सगळं ठीक आहे, महाराज," तो म्हणाला. बाकीचे मूग गिळून बसले. ज्यांची पोरं रोज त्या कडेवरून जातात, त्यांनी मूग गिळले, बाळांनो!

साळू गर्दीतून वाट काढत पुढे निघाली. तोंड उघडणार, एवढ्यात तिच्या मागून धाकटं पिल्लू लुटूलुटू बाहेर आलं. त्यानं असली फुलं कधी पाहिलीच नव्हती. त्याला कुणी काय सांगितलं होतं ते त्याच्या ध्यानात कुठलं राहायला? ते थेट फुलांवर गेलं. काटक्या कडकडल्या आणि पिल्लू दिसेनासं झालं.

साळूनं मागेपुढे न बघता त्याच्यामागे उडी टाकली. पाणवठ्याचं पाणी झिरपून आता खाली चिखलाचा थर साचला होता, म्हणून पोर वाचलं. ते चिखलात रुतून आईला हाका मारत होतं. तिनं त्याला पोटाशी धरलं. वर नुसता कल्लोळ चालला होता. कोल्ह्याला मात्र संधी सापडली. खड्डा याच लोकांनी झाकला, हा तर महाराजांना पाडायचा डाव आहे, असं तो ओरडू लागला. उतारावरचे सगळे एकमेकांच्या आड सरकले.

मुंगसानं पिल्लू वर ओढलं. साळू चिखलानं माखलेली वर आली, ती वाटेच्या मधोमध खड्ड्याच्या काठावर बसली. तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा होता.

"झाकला आम्ही. ते आमचं चुकलं," ती हत्तीला म्हणाली. "पण खणला तुमच्या सभेनं. हा बुजेपर्यंत मी इथून हलणार नाही."

हे ऐकून सशाची मान खाली गेली. तो पुढे आला. त्यानं उरलेल्या काटक्या आणि पानं ओढून काढली, फुलं झुडपांत फेकली आणि साळूच्या शेजारी येऊन बसला. मग मुंगूस बसलं, घोरपड बसली, शेवटी कासवही येऊन बसलं. एका अंगाला काटे, दुसऱ्या अंगाला कातळ आणि मधे सगळी वस्ती. मुंगी शिरायला जागा नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं. मध खाऊन हत्तीला तहान लागली होती आणि पाणवठा खड्ड्यापलीकडे चकाकत होता. कोल्ह्यानं सांगून पाहिलं की पुढच्या सभेत हा विषय नक्की घेऊ. कुणी हललं नाही. त्यानं दरडावून पाहिलं. तरी कुणी हललं नाही. एवढ्या डोळ्यांसमोर लेकुरवाळ्यांना तुडवून जायची हत्तीला लाज वाटली असावी, किंवा साळूचे काटे त्याला दिसले असावेत. अखेर तो उठला. त्यानं मातीच्या ढिगावर पाय दिला. जी ढेकळं साळूच्या नखांना दाद देत नव्हती, ती त्याच्या पायाखाली भुगा झाली. मग सोंडेनं आणि पायानं त्यानं ती माती खड्ड्यात लोटली, वरून चार पावलं दाबून टाकली. जांभळाची सावली जराशी सरकली, तेवढ्यात वाट सपाट झाली.

कोल्ह्यानं लगेच घसा खाकरला आणि अध्यक्ष महाराजांनी जातीनं लक्ष घालून काम पूर्ण केल्याचं जाहीर केलं. हत्तीनं साळूकडे पाहिलं. "काय बाई, झालं ना समाधान?"

"नाही," साळू म्हणाली. "एवढंच काम होतं, तर माझ्या थोरल्याचा पाय मोडायच्या आधी का नाही केलंत?"

हत्तीनं सोंड पाण्याकडे वळवली. विषय संपला असं सांगून कोल्हा गर्दीला पांगवायला लागला. तेव्हा ससा उठून उभा राहिला.

"ताईनं विचारलंय," तो म्हणाला. "उत्तर द्या."

हत्तीनं पाठ फिरवली. तो पाणी न पिताच माघारी गेला, आणि ससा तो दिसेनासा होईपर्यंत उभाच होता.

तात्पर्य : गाऱ्हाणं ऐकायला आलेल्यापुढे आपलं दुखणं सजवून झाकू नये. ते उघडं ठेवावं, सगळ्यांनी मिळून त्याच्या कडेला बसावं, आणि ते दूर झाल्यावरही उशीर का झाला हे विचारायला कचरू नये.