दोर धरणारी यक्षीण

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावे पडली नव्हती तेव्हा, एका उंच कड्याच्या पायथ्याशी तीन जातींचे लोक शेजारी शेजारी राहत. लहानग्यांनो, आणि त्यांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, हे लोक दिसायला एकमेकांसारखे मुळीच नव्हते.

राक्षस होते झाडांएवढे उंच आणि लांब हातांचे. यक्ष बुटके, रुंद, गोल पोटाचे. गंधर्व सडपातळ आणि इतके हलके, की जोराचा वारा सुटला की एकमेकांचे हात धरत.

वर्षातून एकदा सगळे मिळून कड्यावरचा मध काढत. राक्षसांच्या भाराने कड्याची कड ढासळे, म्हणून ते मागे राहून मधाचे हंडे वाहत. गंधर्व दोराला लोंबकळत पोळ्यांपर्यंत उतरत. दोराचे वरचे टोक कमरेभोवती घेऊन यक्ष कडेला बसत. यक्ष एकदा बसला की जागचा हलत नसे.

कुंभा नावाची यक्षीण सात वर्षे सारिणी नावाच्या गंधर्वीचा दोर धरत होती. सारिणीला कधी साधे खरचटलेही नव्हते.

पण मध निघाला की रात्रभर उत्सव चाले आणि त्यात सारिणी नाचे. तिची कंबर वळली की सगळ्यांच्या नजरा वळत. कुंभाचा नवराही हातातला घास तसाच धरून बघत राही. दोर कोणी धरला होता, हे त्या वेळी कुणाच्याही ध्यानात नसे. कुंभा मागे बसून आपल्या जाड बोटांकडे बघे.

सातव्या उत्सवानंतर कुंभाने जेवण तोडले. पोटावर कापड आवळून बांधले. नवऱ्याने कारण विचारले तर भूक नाही म्हणाली. आठ महिन्यांत तिचे गाल बसले, दंड सुकले. मात्र ती सारिणीसारखी दिसते असे कुणीच म्हणाले नाही. जो तो तिला बरे नाही का, एवढेच विचारी. सारिणीने तर तिच्यासाठी औषधी मुळ्या आणून दिल्या. त्या कुंभाने चुलीत टाकल्या.

मध काढायचा दिवस आला. वयस्कर राक्षस आजोबांनी कुंभाला बाजूला घेतले.

"पोरी, तुझ्या अंगात आता तो भार राहिला नाही. या खेपेला तुझ्या बहिणीला बसू दे."

"सात वर्षं मीच बसतेय," कुंभा म्हणाली. "आता माझी ही जागाही काढून घेणार का?"

आजोबा हंड्यांपाशी परतले. सारिणीने दोर कमरेला बांधला आणि नेहमीसारखी मागे वळूनही न पाहता ती उतरली.

अर्ध्या कड्यावर वाऱ्याचा झोत आला. दोराला हिसका बसला आणि कुंभा बसल्या जागेवरून घसरली. तिने टाचा रोवल्या, पण टाचा मातीत सरकत राहिल्या. एक हाक मारली असती तर आजोबा धावले असते. पण हाक मारणे म्हणजे आपल्याच्याने होत नाही, हे सगळ्यांसमोर कबूल करणे. शिवाय मनाच्या तळाशी एक विचार येऊन गेला, की हिला एकदा तरी लागू दे. तेवढाच वेळ ती गप्प राहिली.

मग ती ओरडली. आजोबा पालथे पडले, त्यांनी लांब हात पुढे टाकला आणि दोर पकडला. दोघी वाचल्या. पण तोवर सारिणी खडकावर आदळली होती. तिचा पाय मांडीत मोडला होता.

वैद्याने पाय बांधला, तो जुळलाही, पण वाकडा जुळला. सारिणीला पुन्हा ना कडा उतरता आला, ना नाचता आले. त्या वर्षी उत्सवात तिच्याकडे कुणी पाहिले नाही. कुंभाला हवे होते ते झाले होते, आणि तिला घास गिळवेना.

शेवटी ती सारिणीच्या खाटेपाशी गेली. आपण मत्सराने स्वतःला वाळवले, घसरत असताना क्षणभर मुद्दाम गप्प राहिलो, सगळे तिने सांगून टाकले.

सारिणीने छताकडे नजर वळवली. मग म्हणाली, "मी उतरताना कधी मागे वळून पाहिलं नाही, कुंभा. वर तू आहेस म्हटल्यावर पाहायची गरजच नव्हती. आम्हाला वारा उडवतो. तू धरलेल्या दोरावर मात्र मला जमिनीवर उभं असल्यासारखं वाटायचं."

तिने कुंभाला शिव्या दिल्या नाहीत. माफ केले असेही म्हणाली नाही.

कुंभा पुन्हा पोटभर जेवू लागली. एका हिवाळ्यात तिचे अंग पूर्वीसारखे भरले. मध काढायचा दिवस आला तेव्हा ती कड्यावर जाऊन आपल्या जागी बसली. एकेक गंधर्व येई, तिच्याकडे बघे आणि आपला दोर दुसऱ्या यक्षाच्या हाती देई. तिने जन्मभर दरवर्षी असेच जाऊन बसणे चालू ठेवले. तिच्या हाती दोर पुन्हा कुणी दिला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या शरीराचा हेवा करणारा ते शरीर मिळवत नाही, आपल्या शरीरातले बळ आणि आपल्यावरचा विश्वास मात्र गमावतो.