न्हुच्छे तेली राक्षस झाला त्याची गोष्ट

नेपाळच्या खोऱ्यात, जिथे घराघरांच्या खिडक्या लाकडात कोरलेल्या असतात आणि चौकाचौकात कुठला ना कुठला देव बसलेला असतो, तिथल्या एका नेवार गावात पूर्वी न्हुच्छे नावाचा एक तेली राहायचा. तेल तो चांगलं गाळायचा, पण त्याचा खरा जीव भुतांत अडकलेला होता. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या घरातल्या.

आळीत कुणी शिंकलं की न्हुच्छे घाणा सोडून तिथे हजर व्हायचा. "ही शिंक साधी नाही," तो गंभीरपणे म्हणायचा. "तुमच्या जिन्याखाली काहीतरी बसलंय." कुणाचं दूध नासलं, कुणाची बकरी आटली, कुठे सासू-सुनेचं वाजलं, की हा त्या घरात जाऊन मांडी घालून बसायचा, हवेत नाक वर करून हुंगायचा आणि भूत नेमकं कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगायचा. सांगता सांगता जेवणाची वेळ व्हायची. मग तो जेवायचा. निघताना एखादी वस्तू उचलायचा आणि म्हणायचा, "ही भारलेली आहे. चार दिवस माझ्याकडे राहू दे." ते चार दिवस काही संपायचे नाहीत.

इकडे त्याची बायको हेरामाया एकटीच घाणा ओढायची.

त्या मुलखात भाताची लावणी आटोपली की गठेमंगल नावाचा सण येतो. पावसाचिखलाबरोबर गावात शिरलेली भुतंखेतं त्या दिवशी हाकलून द्यायची असतात. चौकात हिरव्या बोरूंचा, म्हणजे वेळूसारख्या उंच गवताचा, तीन पायांचा उंच राक्षस उभा करतात, त्याला बटबटीत डोळे रंगवतात आणि संध्याकाळी दोरांनी ओढत नदीत नेऊन टाकतात. त्याआधी एक माणूस अंगाला काजळी फासून, राक्षसाचं सोंग घेऊन दारोदार फिरतो. न्हुच्छेच्या आळीत अशी रीत होती की सोंगाच्या झोळीत मूठभर तांदूळ घालायचे आणि त्याच्या कानात आपल्या घरची पीडा सांगायची. पीडा त्याच्याबरोबर जायची.

त्या वर्षी नेहमीच्या सोंगाड्याचा पाय लावणीच्या चिखलात मुरगळला. तेव्हा आळीचे प्रमुख, म्हातारे नायके, गुपचूप न्हुच्छेकडे आले.

"राक्षस व्हाल का?" त्यांनी विचारलं.

न्हुच्छेची छाती फुगली. "भुतांमधलं माझ्याइतकं इथे कळतं कुणाला?"

"अट एकच आहे. सोंग कुणाचं आहे ते कुणाला कळता कामा नये. तेव्हा नदी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. जमेल?"

"न बोलण्यात जमायचं काय असतं?" न्हुच्छे म्हणाला, आणि गप्प बसणं किती सोपं असतं यावर नायक्यांना ऊन कलेपर्यंत सांगत बसला.

सणाच्या दिवशी त्याने अंगभर काजळी फासली, तोंडावर पांढरे-तांबडे पट्टे ओढले आणि खांद्यावर झोळी अडकवली. आरशात पाहिल्यावर तो स्वतःच दचकला. आता त्याला कोण ओळखणार होतं?

पहिलं घर कुंभाराचं. कुंभाराने झोळीत तांदूळ घातले, इकडेतिकडे पाहिलं आणि राक्षसाच्या कानाशी तोंड नेलं.

"आमच्याकडे एक पिशाच्च येतं बाबा. बरोबर जेवायच्या वेळी. ताटावर बसलं की उठत नाही. हल्ली आम्ही दार लावून जेवतो, तर खिडकीतून विचारतं, आज काय केलंय?"

न्हुच्छेला धक्काच बसला. इतकं खादाड पिशाच्च आळीत फिरतंय आणि आपल्याला वास नाही? आपण तर याच घरी परवा जेवलो. कुठल्या दिशेने येतं, रंग काय, असे कितीतरी प्रश्न त्याच्या जिभेवर आले. पण बोलायचं नव्हतं. त्याने नुसते डोळे गरागरा फिरवले. राक्षसाला फारच कळवळा आला असं समजून कुंभाराने आणखी एक मूठ तांदूळ घातले.

पुढचं घर चिनीमाया आजींचं. आजी एकट्याच राहायच्या आणि त्यांना कानात बोलणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्या मोठ्यानेच म्हणाल्या, "माझी शिडी नेली रे एका भुताने. म्हणे भारलेली आहे. कौलांवर मिरच्या वाळत घातल्यात, त्या काढायला मला शेजाऱ्याच्या खांद्यावर चढावं लागतं. या वयात मला शोभतं का? शेजाऱ्याला तरी शोभतं का?"

न्हुच्छेला आजींची दया आली. शिड्या पळवणारं भूत त्याने आजवर ऐकलं नव्हतं. आपल्याही परसात एक शिडी आहे, ती आता आत घेतली पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं. चार पावलं गेल्यावर त्याला वाटलं, ती शिडी आपण घेतली तरी कुठून? तो जरा थबकला. पण मागून पोरांचा घोळका ढोल बडवत ढकलत होता, आणि तो तिसऱ्या दारात येऊन पोहोचला.

तिथे मोतीशोभा उभी होती. तिचं पहिलंच बाळंतपण झालेलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि खांद्यावरचं बाळ किरकिरत होतं.

"तेली काका आले होते," ती हळूच म्हणाली. "पाळण्यामागे काहीतरी आहे म्हणाले. आमचे हे व्यापाराला ल्हासाकडे गेलेत, घरात दुसरं कुणी नाही. तेव्हापासून मी दिवा विझवत नाही. बाळाला खाली ठेवत नाही. जरा डोळा लागला की दचकून उठते. तिथे जे कुणी असेल त्याला घेऊन जा ना."

न्हुच्छेला तो दिवस चांगला आठवत होता. बाळ रडत होतं, त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि समोर पाळणा होता. एवढंच. त्याने काही पाहिलं नव्हतं, हुंगलंही नव्हतं. त्या दिवशीची खीर मात्र उत्तम झाली होती.

आता त्याला कुंभाराचं पिशाच्च कोण ते कळलं. परसातली शिडी कुणाची तेही कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बोलायची परवानगी नव्हती आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं. मोतीशोभेने घातलेले तांदूळ त्याला झोळीत जड वाटले.

त्यानंतर त्याला पळून जावंसं वाटत होतं, पण पोरांनी त्याला ढकलत त्याच्याच दारात नेऊन उभं केलं. हेरामाया घाणा थांबवून बाहेर आली. तिने हात पुसले, तांदूळ घातले आणि राक्षसाकडे नीट पाहिलं.

"आमच्या घरात भूत नाही," ती म्हणाली. "भुताला तरी कुणी माणूस लागतं ना घरात. मी दिवसभर घाण्याला आणि आमचे हे सगळ्या आळीच्या घरांत. त्यांना नेऊ नकोस. फक्त रोज संध्याकाळी घरी पाठव."

एवढं बोलून ती कामाला लागली. तिने ओळखलं होतं की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी बोरूच्या राक्षसावर न्हुच्छेला बसवलं आणि सगळ्या आळीने दोर ओढले. नदीच्या काठाशी वरात थांबली. रिवाजाप्रमाणे नायक्यांनी विचारलं, "राक्षसा, कुठल्या घरातून काय घेऊन चाललास ते सांग."

आता बोलायची मुभा होती. राक्षसाच्या तोंडचं त्या दिवशी सगळे खरं मानत. 'तेल्याने सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं,' एवढं एक वाक्य त्याने टाकलं असतं, तर आळीने त्याला जन्मभर डोक्यावर घेतलं असतं. वाक्य अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात गर्दीत त्याला मोतीशोभा दिसली. ती उभ्या उभ्या पेंगत होती.

"पाळण्यामागे मी नव्हतो," न्हुच्छे म्हणाला. "कधीच नव्हतो. पोरी, बाळाला निजव आणि तूही नीज. जिन्याखाली मी नव्हतो, चुलीमागे नव्हतो. तेल्याला कुठे काही दिसलं नाही. त्याला नुसतं बोलायला हवं होतं. कुणी बसा म्हटलं की त्याला बरं वाटायचं..."

दिवसभराचं तुंबलेलं बोलणं ते. एकदा सुटल्यावर थांबेना. वास्तविक बोलणं संपवून सोंगाने खाली उडी मारायची असते. पण पुढच्या दोरवाल्यांना वाटलं, झालं याचं, आणि त्यांनी जोर लावला. बोरूंचा राक्षस कलंडला आणि न्हुच्छे अर्ध्या वाक्यासकट नदीत गेला.

तो वर आला तेव्हा काजळी धुऊन गेली होती. सगळ्या आळीसमोर कमरेइतक्या पाण्यात तेली उभा होता. कुंभार आभाळाकडे पाहू लागला. मोतीशोभेने जीभ चावली.

चिनीमाया आजी तेवढ्या पुढे आल्या. "न्हुच्छे, तू होय? मग माझी शिडी?"

"घरी आहे, आजी. आत्ता आणतो. वर चढून मिरच्याही काढून देतो."

कुणीतरी हसलं, मग दुसरं, आणि बघता बघता सगळा काठ हसू लागला. न्हुच्छेला लाज वाटली, पण हात धरून त्याला बाहेर ओढणारा कुंभारच होता. म्हातारे नायके काठीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांना काही नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

मोतीशोभेच्या घरचा दिवा त्या दिवशी लवकर विझला. न्हुच्छेने एकेक करून सगळ्या वस्तू परत केल्या आणि त्यासाठी त्याला हातगाडी लागली. मोह पुढेही व्हायचा. कुणी शिंकलं की त्याचं नाक आपोआप वर जायचं. मग तो ते खाली आणायचा आणि विचारायचा, "आल्याचा काढा पाठवू का?" पुढच्या वर्षी नेहमीच्या सोंगाड्याचा पाय बरा झाला होता, तरी आळीने राक्षस व्हायला न्हुच्छेलाच बोलावलं. इतकं मन लावून ऐकणारा राक्षस यापूर्वी कुणी पाहिला नव्हता, असं लोकांचं म्हणणं पडलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी तो ओल्या अंगाने, थरथरत आपल्या दाराशी आला. हेरामाया घाण्यापाशी होती.

"आलात?" तिने विचारलं.

"आलो," तो म्हणाला, आणि त्याने घाण्याला खांदा लावला.

तात्पर्य एवढंच: लोकांच्या घरातली भुतं दाखवत फिरण्याआधी माणसाने थोडा वेळ तोंड मिटून ऐकावं, बरीचशी भुतं आपल्याच पायांनी चालत तिथे गेलेली असतात.