तीनशे पायऱ्यांची बारव

एका राज्यात तीनशे पायऱ्यांची बारव होती, आणि प्रत्येक पायरीवर एका परक्याचे नाव कोरले होते. फार पूर्वी नगराला वेढा पडला, तेव्हा डोंगरराज्याचे तीनशे वीर मदतीला धावून आले. एकही माघारी गेला नाही. नगराच्या म्हाताऱ्या राजाने बारवेचे पाणी हातात घेऊन शपथ वाहिली, "डोंगरराज्याची हाक येईल, तेव्हा आमची तलवार निघेल. न निघाली तर ही बारव आटो!" तेव्हापासून पाणी भरणाऱ्या बाया पायरीवरचे नाव घेत आणि मगच पाऊल ठेवीत.

पुढे त्या राजाची नात इरावती राणी झाली. एके दिवशी डोंगरातून साळुंकी आली. म्हणाली, "आमच्याकडे दुष्काळ आहे." राणीने धान्य धाडले. साळुंकी पुन्हा आली. "पूल वाहून गेला." राणीने गवंडी धाडले. तिसऱ्यांदा आली ती मान खाली घालून.

"आमचे राजे दुर्जय खाडीकाठच्या कोळ्यांवर चालून निघालेत. तुमची तलवार मागतात."

"कोळ्यांनी काय बिघडवले त्यांचे?"

"काही नाही. कोळ्यांकडे मोती आहेत."

राणीचा हात तलवारीकडे गेला नाही, आणि बारवेचे पाणी हातभर खाली गेले.

"महाराणी, उपकार आहेत," प्रधान म्हणाले.

"आहेतच. पण ते कोळ्यांचे गळे कापून फेडायचे?"

प्रधानांनी दाढी कुरवाळली. अडचणीत ते नेहमी तेवढेच करीत. सूर्य कलेपर्यंत बारव कोरडी पडली आणि नगरातली लेकरे तहानेने रडू लागली.

तेव्हा भिवरा नावाची म्हातारी रिकामी घागर घेऊन दरबारात आली. "राणीसाहेब, त्या तीनशे जणांना मी रोज हाका मारते. लुटायला आले असते, तर त्यांचं नाव घेतलं नसतं मी. ती नावं त्यांच्या माणसांनाही एकदा ऐकवू की!"

राणीने तलवार उपसली. खाडीकाठी एका बाजूला दुर्जयाची फौज, दुसऱ्या बाजूला वल्ही उगारलेले कोळी. मधोमध राणी उभी राहिली, आणि तिच्यामागे डोक्यावर रिकाम्या घागरी घेतलेल्या चाळीस बाया.

"हाक आली, तलवार निघाली," राणी म्हणाली.

"माझ्यावरच?" दुर्जय गरजला.

"तुमचे वीर वेढलेल्यांच्या बाजूने लढले. मी त्यांच्याच जागी उभी आहे."

भिवरा नावे घेऊ लागली. फौजेतल्या एकाने भाला खाली टेकला. "हे माझे आजोबा." मग दुसऱ्याने टेकला, मग दहांनी. शेवटी भिवरा म्हणाली, "जयध्वज, डोंगरराजाचा धाकटा लेक."

दुर्जय दोन पावले पुढे आला. "माझे काका. आमच्याकडे त्यांचे नावही कोणी घेत नाही."

"आमच्याकडे रोज सकाळी घेतात, महाराज."

दुर्जयाने तलवार म्यान केली. त्याच क्षणी चाळीस घागरी काठोकाठ भरल्या, आणि तिकडे बारवेला पाणी आले. पहिली घागर भिवराने दुर्जयालाच पाजली.

कोळी जाळी टाकायला गेले, साळुंकी घरट्यात गेली. दुर्जय मात्र दरसाल येतो, नावे घेत तीनशे पायऱ्या उतरतो आणि काकांच्या पायरीवर बसून ओंजळभर पाणी पितो.