गेरूचा डाग

दगडांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका माळावर काळ्या दगडांच्या घोळक्यात गेरूचा एक खडा राहायचा.

"लांब सरक बाबा, तुझा डाग लागतो," जो तो म्हणायचा. त्याला खेटून कुणी बसत नसे. शेवटी कंटाळून तो ओढ्याच्या काळ्या चिखलात लोळला आणि उन्हात पडून राहिला. चिखल अंगावर वाळून कडक झाला.

"आता कसा आमच्यातला दिसतोस!" दगड म्हणाले.

त्याच आठवड्यात येसाबाई माळावर आली. फुटक्या कौलांवर चित्रं काढायची तिला भारी हौस, आणि रंग ती रानातूनच गोळा करायची. हातातल्या कौलावर कोळशाचा डोंगर झाला होता, पाल्याची हिरवी झाडं झाली होती. मावळत्या सूर्याला तेवढा लाल हवा होता.

वाळल्या चिखलाच्या एका भेगेतून लाल झाक दिसली, तसा तिने खडा उचलून मुठीत धरला. त्याचा जीव सुपाएवढा झाला. इतक्या जवळ त्याला आजवर कुणीच घेतलं नव्हतं. पण तिने कौलावर घासायला घेतला, तसं त्याने सवयीने अंग चोरलं. हिच्याही हाताला डाग लागला तर?

कौलावर नुसता मातकट ओरखडा उठला.

"अगंबाई, हा तर दगडच!" म्हणत तिने तो खाली टाकला आणि कोऱ्या सूर्याचं कौल घेऊन ती निघून गेली.

"वाचलास रे!" म्हणत दगड त्याला दोन्ही बाजूंनी खेटून बसले.

कुणालाच डाग लागला नाही.