वडावरच्या रेघा

फार जुनी गोष्ट. एका रानात वडाखाली प्राणी खड्यांनी वाघ-बकरी खेळत. खारूताई नवशिकी. रोज हरायची आणि शेपटी उडवत ओरडायची, "परत मांड!"

दूरच्या सरोवरावर शिकून करकोचा परतला. आपल्या रानाचा खेळ सुधारावा, ही त्याची तळमळ. त्याने चोचीने वडावर प्रत्येकाची रेघ कोरली. जिंकलं की जुनी खोडून नवी रेघ वर, हरलं की खाली.

खारूताईची रेघ पार मुळांशी गेली. "आता काय माती उकरायची का गं?" माकड खिदळलं. मग एकदा ती जिंकली, रेघ वीतभर चढली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

करकोच्याने तिला ढोलीत गाठलं. "अगं, आता कुठे तुला जमायला लागलंय!"

"म्हणूनच येत नाही, दादा. खेळले तर पुन्हा खाली जाईन."

करकोच्याने सगळ्या रेघा खरवडून टाकल्या, खडे मांडले आणि तिला बोलावलं. ती आली, पण खड्यांकडे न बघता खोडापाशी गेली. सोललेल्या सालीवर पंजा ठेवून म्हणाली, "माझी इथे होती ना?"

पुढे वडाची साल भरून आली. "परत मांड" मात्र करकोच्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.