रोसाला हात लावायचा नाही

नदीकाठच्या एका गावात एक रंगारी होता. नाव गेनबा. इतका भोळा, की कुणी 'जरा थांब' म्हणून निघून गेलं, तर जेवणाची वेळ टळली तरी हा तिथेच उभा. रंगात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गावोगावी तयार कपडे आले आणि त्याच्याकडे कुणी फिरकेना. शेवटी बायकोने, सुगंधाने, बजावलं की यंदा काम मिळालं नाही, तर हा निळीचा हौद बुजवून इथे पिठाची गिरणी टाकायची. त्या हौदावर गेनबाचा जीव होता. त्याला घास गोड लागेना.

आणि नशीब पाहा. हातानं रंगवलेलं कापड शोधत स्पेनहून एक व्यापारीण गावात येणार, असं कळलं. गावातले कारखानीस गुरुजी निवृत्तीनंतर हौसेने स्पॅनिश शिकले होते. ऐकून घ्यायला गावात कुणीच नव्हतं. गेनबा शिकायला आला, तेव्हा गुरुजींना भरून आलं.

गुरुजींनी सांगितलं की त्या भाषेत रंग बाईपुरुषाप्रमाणे बदलतो. तांबडा तो रोहो, तांबडी ती रोहा. गेनबाला एकदम पटलं. घरी येऊन त्याने आपला तांबडा फेटा सुगंधाच्या डोक्याला बांधला आणि रंग बदलायची वाट पाहत बसला. तव्यावरची भाकरी करपली, फेटा तांबडाच राहिला.

गुरुजी म्हणाले, अरे, रंग नाही, त्याचा शेवट बदलायचा. गेनबाला एकदम पटलं. त्याने तांबड्या साड्यांचे पदर पिवळे करून टाकले.

मग गुरुजींनी शेवट म्हणजे शब्दाचा शेवट, असं समजावलं. वस्तू पुष्कळ असल्या, की शेवटी 'स' लावायचा. हेही पटलं. गेनबाने एकेका रुमालाच्या कोपऱ्यात हिरवा ठळक 'स' काढला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, 'स' तोंडाने लावायचा असतो. गेनबाने उरलेल्या रुमालांवरचे 'स' तोंडाने लावले. त्याचे ओठ कितीतरी दिवस हिरवे होते.

त्या भाषेत नपुंसकलिंगी वस्तू नसतातच, असं गुरुजी एकदा सहज बोलून गेले. गेनबाला वाईट वाटलं. ते लुगडं, ते धोतर, ते उपरणं, सगळं त्याने माळ्यावर टाकलं. जिथे या वस्तूच नसतात, तिथल्या बाईला त्या दाखवून उगाच का लाजवायचं?

व्यापारीण यायच्या आदल्या दिवशी गुरुजी पार थकले होते. त्यांनी शेवटचा नियम सांगितला.

"गुलाबी म्हणजे रोसा. ते मुळात फुलाचं नाव, म्हणून ते बदलत नाही. बाकी काय वाटेल ते कर गेनबा, पण रोसाला हात लावायचा नाही."

गेनबाला एकदम पटलं. घरी चुलीवर गुलाबी रंगाचं पातेलं उतू जात होतं. तो हाताची घडी घालून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि भलतंच झालं. त्यांना सगळंच आवडलं. पिवळे पदर आवडले, कोपऱ्यातले 'स' तर नक्षी म्हणून फारच आवडले. गुरुजी भडाभडा बोलत होते, त्यातलं थोडंफार बाईंना कळतही होतं. वर्षभराचं काम गेनबाला द्यायचं ठरलं. सुगंधाने पदराने डोळे पुसले. आता फक्त हात मिळवायचा राहिला होता.

"गेनबा, या रोसाबाई," गुरुजी म्हणाले.

गेनबाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. बाईंना वाटलं, माणूस लाजाळू आहे. त्या हात पुढे करून त्याच्याकडे निघाल्या. तो मागे सरकला. त्या आणखी पुढे आल्या. तो चटकन बाजूला झाला. त्याच्या मागे हौद होता. रोसाबाई सरळ निळीत गेल्या.

हौद कमरेइतकाच होता, पण काठ निसरडा. बाई धडपडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला.

"अहो, बघताय काय, हात द्या त्यांना," सुगंधा ओरडली.

गेनबाने बाईंना नीट न्याहाळलं. केस निळे, नाक निळं, बोटं निळी. त्याचा चेहरा खुलला.

"आता कुठे राहिल्या रोसा," तो म्हणाला. "आता हात लावायला हरकत नाही."

मग त्याने वाकून बाईंचा निळा हात हातात घेतला, सौदा ठरला म्हणून आनंदाने जोरजोरात हलवला, आणि सोडून दिला.